गोठ्यातली बॅटरी

सावळारामने छतावर सोलर बसवला आणि म्हशीसाठी बांधलेल्या गोठ्यात बॅटरी आणून ठेवली. त्या दिवसापासून त्याची बायको कुशाबाई त्या खोक्याला ‘तुमची म्हैस’ म्हणू लागली. बाजारात तिने हेरलेली खरी म्हैस मात्र शेजारच्या भिमाने नेली होती.

“सात वर्सांत पैसं फिटत्यात,” सावळारामने समजावले. “फुडं वीज फुकाट. चारा न्हाय, पेंड न्हाय.”

“आन् दूध किती देती तुमची म्हैस?”

“उन्हाळा सरूस्तोवर थांब. फायदा दिसला न्हाय, तर बॅटरी इकून तुला म्हैस आणतो.”

बोलून तर बसला. पण संध्याकाळी एकट्याने गोठ्यात जाऊन तो हिरवा, लुकलुकता दिवा पाहताना त्याला भरून येई. इतकी मूक, इतकी बिनशेणाची माया त्याने आयुष्यात कुणावर केली नव्हती.

उन्हाळ्यात कळंब गावची लाइट ऐन दिवेलागणीला जाऊ लागली. साऱ्या आळीत एकट्या सावळारामचा पंखा फिरे. आधी आळीतले म्हस्कूआबा मोबाइल चार्जिंगला लावायला आले. मग सारजा मिक्सर घेऊन आली. मग मॅच पाहायला अख्खी आळी आली. आणि उसाच्या मुलखात घरी आलेला माणूस चहाविना परतला, तर कारखान्याची सवलतीची साखर असून उपयोग काय? कुशाबाई पातेल्यावर पातेली चढवू लागली. साखर घरची होती. दूध मात्र विकतचे, भिमाच्या म्हशीचे.

बिलात वाचलेले सारे पातेल्यात आटू लागले. सात वर्षांची फेड सतरावर गेली, तेव्हा सावळारामने शक्कल लढवली. लाइट जाताच तो बॅटरीचा खटका पाडून ओट्यावर बसला. आत बॅटरी काठोकाठ भरलेली, बाहेर मालक घामाने भिजलेला.

“काय रं, तुझ्यात बी अंधार?” म्हस्कूआबांनी विचारले.

“बॅटरी गेली जणू, आबा.”

“आरं द्येवा!”

घटकाभरात बातमी गावभर झाली. कधी चार्जिंगला न आलेली माणसेही भेटायला आली. कुणाच्या लोणी देवकर गावच्या साडूचीही बॅटरी अशीच अचानक गेली होती. बायकांनी कुशाबाईच्या पाठीवरून हात फिरवला.

“लई महागाची व्हती का गं?”

“गॅरंटीत व्हती का?”

सांत्वनाला आलेल्यांना बिनचहाचे धाडणे तर साक्षात पाप. अंधारातूनच कुशाबाईचा आवाज आला, “अवो, दूध सरलं. भिमाभावजींकडनं आणखी आणा.”

दुसऱ्या दिवशीही भेटणारे येतच राहिले. तिसऱ्या दिवशी सावळारामने मुकाट खटका वर केला. मग बॅटरी वाचल्याच्या आनंदात सारी आळी पुन्हा चहाला आली.

उन्हाळा सरला आणि भिमा पेढे घेऊन आला. “दादा, म्हशीचं समदं पैसं फिटलं! तुमच्या एकट्या चहावर!”

कुशाबाईने पेढा तोंडात टाकला. “दिसला बरं फायदा. आता काढा बॅटरी इकायला.”

सावळाराम पाना शोधायला उठला. भिमा मात्र पांढराफटक पडला.

“वैनी, नगा इकू! म्या दुसऱ्या म्हशीचा इसार दिलाय!”

“मग आमच्या घरापुरतं दूध आजपासनं फुकाट. पावण्यांच्या चहाचं तेवढं इकत.”

“व्हय व्हय, चालंल की!”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाने दुधाची किटली बॅटरीशेजारी आणून ठेवली. कुशाबाईने झाकण उघडून साय पाहिली. मग हिरव्या दिव्यावरची धूळ पदराने हळूच पुसली.

“अवो,” तिने आत हाक दिली, “पान्हावली बरं का तुमची म्हैस.”