सबनीसांचे थोरले

"आमचे थोरले गेले," लिफ्टमध्ये सबनीस म्हणाले. चेहरा असा, की मी हातातली पिशवी खाली ठेवली.

बर दुबईत आमच्याच मजल्यावर ते एकटे राहतात. हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कंपनीत क्वालिटी बघतात. बायकोने लगेच पिठलं-भात करून पाठवला. दोन दिवसांनी कळलं, थोरले म्हणजे एका फ्रेंच मालिकेतले जमीनदार. द्वंद्वयुद्धात गेले.

"अहो, मग पिठलं कसं घेतलंत?"

"स्वयंपाक करायची इच्छाच नव्हती हो."

द्राक्षांचे मळे असलेल्या एका घराण्याच्या चार पिढ्या, अशी ती मालिका. सबनीसांना फ्रेंच येत नाही. खालची इंग्रजी अक्षरं वाचतात आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला बातम्या देतात. "धाकटीचं जमलं एकदाचं, इन्शाल्ला दिवाळीपर्यंत उरकेल." तिकडे दिवाळी नसते, हे त्यांना कोणी सांगायचं?

आमची इरा एकदा म्हणालीच, "अंकल, इट्स जस्ट अ शो!"

"शो? खलास! अगं, खापरपणजोबांपासूनची माणसं आहेत ती. नाक बघ. सगळ्यांचं सारखं."

नाकासाठी त्यांनी मेकअपवाल्याला श्रेय द्यायला साफ नकार दिला.

यंदा गणपतीत माझा गुडघा दुखावला होता. जमिनीवर बसणं शक्य नव्हतं, म्हणून पूजेला सबनीसांना बसवलं. नवं सोवळं नेसून, घाम पुसत ते पाटावर बसले. गुरुजींनी त्यांच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं.

"गोत्र?"

"ठाऊक नाही."

"वडिलांना विचारलं नाहीत कधी?"

"वडील ठाऊक नाहीत," सबनीस सहज म्हणाले, हवामान सांगावं तसं. "मी आश्रमात वाढलो. सबनीस हे तिथल्या व्यवस्थापकांचं आडनाव. आम्हा सगळ्या मुलांना तेच दिलं होतं."

इराने फोन खाली ठेवला.

गुरुजी मात्र रोजचंच असल्यासारखं म्हणाले, "हरकत नाही. काश्यप म्हणा. ज्यांना ठाऊक नसतं, त्यांचं गोत्र काश्यप."

सबनीसांनी मान वर केली. "म्हणजे, असे आणखी असतात?"

"पुष्कळ."

"आणि सगळे काश्यप?"

"सगळे. एकाच गोत्राचे. हं, म्हणा, काश्यप गोत्र..."

सबनीस म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्याने.

"आता पाणी सोडा," गुरुजी म्हणाले.

बायकोने ताम्हण पुढे सरकवलं. सबनीस ते पाणी तळहातावर तसंच धरून बसून राहिले.