डॉक्टर म्हणतात

रविवारी सकाळी बायको घरी आली, कापडी पिशवी ओट्यावर उपडी केली आणि म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, घोळ घ्यायची तर आधी देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, टाकून द्यायची."

घड्याळजी जेवणाच्या टेबलावर कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली. ओट्यावर कोणती भाजी येऊन पडते हे त्यांनी लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं. आताही त्यांनी भाजीकडे नाही, बायकोकडेच पाहिलं. तिचे गाल उन्हाने लाल झाले होते आणि ती काहीतरी गुणगुणत होती.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना घड्याळजींच्या दुकानाच्या बरोबर समोर होता. पन्नाशी उलटली तरी त्यांच्या डोक्यावरचे केस जागच्या जागी होते, आणि दातांबद्दल तर बोलायलाच नको. दर रविवारी काही मंडळी कालव्याच्या काठाने रानभाज्या ओळखायला जात, त्यांत ते होते. शेजारणीने आग्रह केला म्हणून बायकोही जाऊ लागली होती. सकाळची हवा मिळते, एवढ्यावर घड्याळजींनी आजवर तो विषय सोडून दिला होता.

आता मात्र तो विषय त्यांना सोडेना. डॉक्टर म्हणतात, चाकवत फुलावर यायच्या आधी खुडावा. डॉक्टर म्हणतात, गटाराजवळचं काही घेऊ नये. डॉक्टर म्हणतात, सगळं रोप उपटू नये, पुढच्या माणसासाठी ठेवावं. ताटात भाजी पडली की पाठोपाठ डॉक्टर येत. दुकानात बसल्या बसल्या घड्याळजींचं निम्मं लक्ष समोरच्या दारावर असे. डॉक्टर मधूनच बाहेर येऊन उभे राहत, तोंडात एखादी हिरवी काडी चघळत आणि हात हलवत. घड्याळजींना हात हलवावा लागे. त्यांनी दिवसातून दोनदा दात घासायला सुरुवात केली.

एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, मीही येऊ का रविवारी. त्यावर बायको म्हणाली की तुम्हाला कंटाळा येईल. झालं, आगीत तेल पडलं. मग त्यांनी मनाशी एक बेत रचला. डॉक्टरांना जेवायला बोलवायचं. ताटात असं पान वाढायचं की जे डॉक्टरांच्या बापालाही ओळखता येणार नाही, आणि बायकोच्या देखत विचारायचं, सांगा पाहू हे काय आहे. त्या एका घासात डॉक्टरांचा सगळा तोरा उतरला असता.

सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ते एकटेच कालव्यावर गेले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी बराच वेळ गवत पाहिलं. सगळं गवत गवतासारखंच दिसत होतं. शेवटी पाण्याच्या कडेला मोठी, तुकतुकीत, बदामाच्या आकाराची पानं दिसली. बाजारात मिळतं तेच हे अळू, फक्त रानात उगवलेलं, असं त्यांना वाटलं. आपली नजर किती तयार आहे याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. पानं तोडताना हाताला खाज सुटली, ती डासांच्या नावावर घातली.

संध्याकाळी बायको बहिणीकडे गेली होती, जेवणाच्या वेळेपर्यंत येणार होती. आज स्वयंपाक मी करतो असं घड्याळजींनी तिला सांगितलं, तेव्हा तिने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना हे बघितलं होतं. त्यांनी पानं चिरली, फोडणीत टाकली, वर मीठ भुरभुरलं आणि हिरवी आहेत तोवर उतरवली.

डॉक्टर वेळेवर आले, पण बायकोचा पत्ता नव्हता. भाजी निवेल म्हणून घड्याळजींनी वाढून घेतलं. डॉक्टरांनी मोठा घास घेतला आणि मग दुसरा.

"ओळखलंत का पान?" घड्याळजींनी विचारलं.

"नाही बुवा," डॉक्टर अगदी मोकळेपणाने म्हणाले. "पण या घरात वाढलेलं पान म्हणजे बघायलाच नको."

घड्याळजींची छाती फुगली. हा माणूस कोरा निघाला होता, आणि हे ऐकायला बायको जागेवर नव्हती, एवढीच काय ती खंत. त्या आनंदात त्यांनीही भला मोठा घास घेतला.

आधी ओठ चुरचुरले. मग जिभेला कुणी मूठभर सुया टोचाव्यात तसं झालं, आणि त्या सुया हळूहळू घशाकडे निघाल्या. समोर डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते पाणी प्यायले, घड्याळजीही प्यायले. पाण्याने काही होईना. दोघेही तोंड उघडं ठेवून एकमेकांकडे बघत बसले.

तेवढ्यात बायको आली. तिने दोघांकडे पाहिलं, कढईत पाहिलं, मोरीतलं एक उरलेलं पान उचलून उलटं केलं आणि दोन वाट्या दही आणून पुढे ठेवलं.

"हाताला खाज नाही सुटली?" तिने नवऱ्याला विचारलं.

सुटली होती, अशी त्यांनी मान डोलावली.

"मग तिथेच टाकायचं ना. रानातलं अळू आहे हे. आंबट घालून शिजवल्याशिवाय कुणी खातं का?"

डॉक्टरांनी अपराध्यासारखी मान खाली घातली. "बाई, तुमी मागल्या रविवाली शांगितलं होतं," जाड झालेल्या जिभेने ते म्हणाले. "मीश विशरलो."

घड्याळजींचा चमचा वाटीतच राहिला. कुणी कुणाला सांगितलं होतं, हे त्यांनी खुणेनेच विचारलं. तेव्हा डॉक्टरांनी दह्याच्या घासाघासाने सगळं सांगितलं. कालव्यावर शिकवतात त्या बाई म्हणजे याच. त्या पुढे चालतात, बाकीचे मागे. डॉक्टर महिनाभर येतायत, पण अजून चाकवतात आणि गवतात त्यांची गफलत होते. दवाखान्याच्या दारात काडी चघळत उभे राहतात ती अभ्यासाची काडी, चव लक्षात राहावी म्हणून बाईंनी दिलेली.

डॉक्टर गेल्यावर घड्याळजी बराच वेळ ओठावर दही लावून बसले. मग त्यांनी विचारलं, की तुझं होतं तर डॉक्टरांचं म्हणून का सांगत होतीस.

"लग्न झाल्यापासून माझं म्हणूनच सांगत होते," ती भांडी आवरत म्हणाली. "तुम्ही 'हं' म्हणायचात आणि स्क्रू शोधायचात. त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टर म्हणतात म्हटलं, तर तुम्ही मान वर केलीत. मग म्हटलं, असू दे."

घड्याळजींनी वाटीतलं उरलेलं दही जिभेवर घेतलं. जीभ अजून नीट वळत नव्हती. हे सगळं तू शिकलीस कुठे, एवढं मात्र त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की मावशीकडून. मावशी पान एकदाच दाखवायची. पुढच्या खेपेला विचारायची, आणि चुकलं तर तेच पान जिभेच्या टोकाला लावायची.

"तुमचं आज तेवढं झालंय," ती म्हणाली. "रविवारी या."

रविवारी घड्याळजी गेले. बायको पुढे चालत होती, तिच्याभोवती घोळका होता. डॉक्टरांनी एक पान बरोबर ओळखलं, तेव्हा ती त्यांना शाबास म्हणाली. घड्याळजींना ती आजवर कधी शाबास म्हणाली नव्हती. सगळं कळूनही त्यांच्या पोटात पूर्वीसारखंच दुखायला लागलं, आणि ते सगळ्यांच्या मागे पडले.

मागे आणखी एक बाई चालत होत्या. नव्या बुटांनी त्यांची टाच सोललेली दिसत होती आणि चेहऱ्यावर कालव्याविषयी काडीचंही प्रेम नव्हतं. आपण डॉक्टरांच्या मिसेस, असं त्यांनी सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, ज्यांचं कौतुक घरी रोज जेवताना ऐकावं लागतं, त्या बाई कोणत्या. घड्याळजींनी बोट दाखवलं. मिसेस डॉक्टरांनी बराच वेळ टक लावून पाहिलं.

"यांचे मिस्टर नाही का येत बरोबर?"

"येतात," घड्याळजी म्हणाले.

"बरं करतात. म्हणावं, डोळ्यांत तेल घालून राहा."

"सांगतो."

तेवढ्यात पुढून बायकोने मागच्या दोघांना हाक मारली. तिच्या हातात एक पान होतं. ते आता वाटेत निदान दहा ठिकाणी दिसलं असेल, हे कोणतं ते सांगा, असं तिने विचारलं. सगळा घोळका वळून बघू लागला. घड्याळजींनी मिसेस डॉक्टरांकडे पाहिलं, मिसेस डॉक्टरांनी घड्याळजींकडे पाहिलं. सकाळपासून त्या दोघांनी पान सोडून बाकी सगळ्यावर नजर ठेवली होती.

"जीभ बाहेर काढा," बायको म्हणाली.