ओल्यावर शेड बघत नाहीत

घाडीगावकर मास्तरांच्या तोंडून 'हिरवा' हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. लाल नाही, पिवळा नाही. ते नंबर सांगतात. "ही भेंडी एकतीस झालीय, सत्तावीस असेल तर दे," असं ते भाजीवाल्याला म्हणतात, आणि नवा भाजीवाला असेल तर तो हातातली भेंडी खाली ठेवून आधी मास्तरांकडे आणि मग माझ्याकडे बघतो.

हे नंबर मिलच्या शेडकार्डातले. परळच्या आमच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहणारे मास्तर उभं आयुष्य रंगखात्यात शेड जुळवत होते. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा आणि रंगून आलेलं कापड शेजारी शेजारी धरायचं आणि 'पास' नाहीतर 'परत' म्हणायचं, एवढंच काम. मिल बंद झाली त्या दिवशी ते घरी आले ते शेडकार्ड बनियनच्या आत लपवून. कापडाचे चौकोनी तुकडे चिकटवलेली ही जाड वही आजही त्यांच्या उशाशी असते. इतर लोक त्या जागी पोथी ठेवतात.

मास्तरांचे नियम दोन. पहिला, "उजेड बघून बोला." रंग पाहायचा तो उत्तरेच्या खिडकीत, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटला ते खोटी साक्षीदार म्हणतात. दादरच्या एका दुकानातून ते सुनेसाठी निवडलेली साडी उजेडात बघायला म्हणून फुटपाथवर घेऊन गेले तेव्हा दुकानातली दोन माणसं त्यांच्यामागे धावली होती. दुसरा नियम, "ओल्यावर शेड बघत नाहीत." ओलं कापड एक शेड गडद दिसतं. घाईने ओल्यावर पास केलेला माल वाळल्यावर परत येतो. लालबागच्या मूर्तिकाराला त्यांनी एकदा ओल्या पितांबराबद्दल मत द्यायला साफ नकार दिला आणि वाळेपर्यंत स्टूल टाकून बसून राहिले. शेवटी म्हणाले, "अकरा आलाय. बारा हवा होता. पण देव समजून घेईल."

मी मुद्रितं तपासतो, म्हणून मास्तर मला 'प्रूफवाले' म्हणतात. माणसं आपल्या कामाचा किती बडेजाव करतात हे पाहण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे. मास्तरांचा नंबरी बाणाही मी त्याच खात्यात टाकला होता. ते चुकलंच.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा नातू ओंकार शिकायला जर्मनीला गेला. मुलगा-सून पुण्याला असतात. कॉलेजची चार वर्षं ओंकार आजोबांकडे राहिला होता, आणि जाताना खोलीत एक सरडा ठेवून गेला. आपला कुंपणावरचा नव्हे. परदेशी जातीचा, डोक्यावर टोपीसारखं उंच हाड असलेला, रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद होती आणि त्या कागदाची प्रत जाळीच्या पिंजऱ्याला लावलेली होती. समोरच्या परबकाकू तो कागद वाचून हबकल्या. "भावोजीनु, माझ्या झिलाचा नाव अजून रेशनकार्डार नाय, आनि ह्या घोयऱ्याक सरकारी कागद!" त्यानंतर दोन महिने त्यांनी गॅलरीतला मास्तरांच्या दारासमोरचा तुकडा डोळे मिटून ओलांडला. राजकारणी आणि रंग बदलणं हा विनोद चाळीतल्या प्रत्येकाने एकेकदा केला, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचल्यासारखा वाटला.

ओंकार त्याला रॉकी म्हणायचा. मास्तरांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. "मिलमध्ये आमचा साहेब असाच बघायचा. एक डोळा आमच्यावर, एक घड्याळावर." साहेबांचा पिंजरा उत्तरेच्या खिडकीत गेला. एक वही आली. सकाळ, दुपार, संध्याकाळ साहेबांचा नंबर त्यात लागू लागला. सत्तावीस म्हणजे कैरीच्या सालीचा रंग, तब्येत उत्तम. एकतीस म्हणजे शेवाळी, साहेब नाराज. रविवारी ओंकारचा व्हिडिओ कॉल आला की मास्तर आठवडाभराचे नंबर वाचून दाखवायचे. आजोबा-नातवात दुसरं बोलणं फारसं होत नसे. बहुतेक लागतही नसावं.

यंदा दिवाळीच्या आधी मास्तरांनी नवीनच खूळ काढलं. सकाळी माझं दार वाजवायचं, मला खिडकीशी उभं करायचं आणि विचारायचं, "उजेड बघून बोला. हा किती?" मी म्हणायचो, हिरवा. "कसला हिरवा?" कैरीसारखा. मग ते शेडकार्डाकडे बघायचे, सरड्याकडे बघायचे, आणि वहीत लिहायचे. पेपरवाल्याला तेच, गॅस सिलिंडर आणणाऱ्याला तेच. पेपरवाला म्हणाला, "मास्तर, रोज परीक्षा काय घेता? नापास झालो तर पेपर टाकू नको का?" मीही हसलो होतो.

मग एका मंगळवारी सकाळी दार वाजलं ते नेहमीसारखं नव्हतं.

"प्रूफवाले, साहेब दिवसा डोळे मिटतायत."

साहेब खालच्या फांदीवर बसले होते. एरवी ते नेहमी वरच्या टोकाला असत. दोन्ही डोळ्यांचे बुबुळासकट फिरणारे ते शंकू आत गेलेले, झापडं बंद. समोर नाकतोडा बसला होता, आणि एरवी वीतभर जीभ फेकून तो उचलणारा हा प्राणी नाकतोड्याच्या शेजारी एखाद्या वाळक्या काटकीसारखा राहिला होता. रंग मातकट. मला सरपटणाऱ्या प्राण्यांची मनापासून भीती वाटते, पण त्या दिवशी मला भीती वाटली ती मास्तरांची. शेडकार्ड त्यांनी उघडलंच नव्हतं, मिटून काखेत धरलं होतं. साहेबांसमोर ते मिटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

चाळीने निदानं केली. कुणी म्हणालं, मागच्या महिन्यात झुरळांचं औषध मारलं त्याची बाधा. कुणी गच्चीवरच्या मोबाइल टॉवरला धरलं. परबकाकूंनी भीती गिळून लांबूनच मीठमोहऱ्या ओवाळल्या. ज्याची स्वतःची नजर एका वेळी दोन दिशांना जाते त्याला दुसऱ्याची नजर कशी लागेल, असं माझ्या मनात आलं. मास्तर एवढंच म्हणत होते, "रविवारी पोराला काय सांगू?"

दादरचे एक प्राण्यांचे डॉक्टर पिंजरा पाहून उठूनच उभे राहिले. "मी कुत्री-मांजरी बघतो हो," ते दोन पावलं मागे सरकत म्हणाले. त्यांनीच गिरगावात ठाकूरद्वारच्या एका डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. टॅक्सीत मास्तर पिंजरा मांडीवर घेऊन बसले. वर त्यांच्या दिवंगत पत्नीचं सुती लुगडं टाकलं होतं. दर सिग्नलला ते लुगड्याचं टोक उचलून मला म्हणत, "हलतायत का?" मी बघायचो. पोट हलत होतं. "हलतायत." पुढच्या सिग्नलला पुन्हा. गिरगावात पोचेपर्यंत मीच त्यांच्या आधी टोक उचलू लागलो होतो.

डॉक्टरबाई तिशीच्या. त्यांनी साहेबांना हातावर घेतलं तेव्हा साहेबांनी तोंडसुद्धा वासलं नाही. हे चांगलं लक्षण नाही, असं त्या म्हणाल्या. अनोळखी हाताला त्याने विरोध करायला हवा.

"पाणी कसं देता, आजोबा?"

"वाटीत. उकळून, गार करून. रोज दोनदा बदलतो."

"वाटीतलं पाणी हे पाणी आहे हेच याला समजत नाही. पानावरून थेंब ओघळताना दिसला तरच हा पितो. फवारा मारत नाही?"

"नातू मारायला सांगून गेलाय. तीन वर्षं मारत होतो."

"मग?"

मास्तर शाळेत छडी खायला हात पुढे करावा तसे म्हणाले, "महिना झाला, बंद केला. नंबर जुळेना. मला वाटलं, ओला असतो म्हणून जुळत नाही. ओल्यावर शेड बघत नाहीत."

बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. वहीतल्या नंबरासाठी मास्तरांनी साहेबांना महिनाभर कोरडं ठेवलं होतं.

"बरं, तो शी करतो त्यात एक पांढरा भाग असतो. तो पांढराच आहे की रंग आलाय?"

"पांढरा," मास्तर ठामपणे म्हणाले. आपल्या खात्यातला प्रश्न आल्यावर त्यांचा आवाज परत आला. "पांढऱ्यात सात नंबर आहेत. हा तिसरा."

बाईंनी पिंजऱ्याच्या तळाचा कागद काढून टेबलावर ठेवला. "आजोबा, हा नारिंगी आहे. म्हणजे अंगातलं पाणी फार कमी झालंय."

मास्तरांनी कागद उचलला, तडक खिडकीशी गेले. खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. शेडकार्डाची पानं पुढे झाली, मागे झाली. मग त्यांनी कार्ड आणि कागद दोन्ही माझ्यापुढे धरले.

"तुम्ही सांगा. उजेड बघून सांगा."

मी तुकडा तुकडा शेजारी धरत गेलो. असं काम मी जन्मात केलं नव्हतं. "चौदा," मी म्हणालो.

"चौदा," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

डॉक्टरबाईंनी ड्रॉपरने साहेबांच्या ओठांच्या कडेला थेंब ठेवला. बराच वेळ काहीच नाही. मग जबडा किंचित हलला. दुसरा थेंब. तिसरा. आम्ही दोघंही ते मोजत होतो. "आठ-दहा दिवस बघू," बाई म्हणाल्या. "दिवसातून दोनदा फवारा, वर हे औषध. डोळे उघडले तर मार्गी लागला. खात्री देत नाही."

येताना टॅक्सीत मास्तर आपणहून बोलले. दीड वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका शिबिरात सांगितलं होतं. "सगळ्यावर चहा सांडल्यासारखं दिसतं. पांढरं काय ते आता आठवणीने ओळखतो."

"मग ऑपरेशन का नाही केलं? आजकाल किती सोपं झालंय."

"मुलाला कळलं तर तो पुण्याला नेईल. तिथे खिडक्यांना काळ्या काचा आहेत." पिंजऱ्यावरचं लुगडं सारखं करत ते म्हणाले, "आणि डोळ्याला हात लावून दिला आणि होतं तेही गेलं तर? माझ्याकडे दुसरं काय आहे, प्रूफवाले?"

पेपरवाल्याला, सिलिंडरवाल्याला, मला रोज विचारलेले ते प्रश्न मग मला एकेक करून आठवले. परीक्षा आमची नव्हतीच.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी सातला त्यांच्या खिडकीत हजर राहू लागलो. फवारा मास्तर मारायचे, वाळल्यावर नंबर मी सांगायचो. पहिले चार दिवस एकतीस, एकतीस, बत्तीस, एकतीस. बत्तीसच्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. परबकाकूंनी आणून ठेवलेली पेज तशीच राहिली. मी कुठल्याही नंबराला 'थोडा उजळ' म्हटलं की ते माझ्याकडे रोखून बघायचे. "खोटं पास करू नका. माल परत येतो."

रविवारी ओंकारचा कॉल आला. मास्तरांनी माझा दंड धरून ठेवला होता. "आजोबा, रॉकी कसा आहे?" मला वाटलं, ते थाप मारतील. ते म्हणाले, "आजारी आहे रे. माझ्या हातून पाणी राहिलं." ओंकार म्हणाला, "आणि तुम्ही कसे आहात?" हा प्रश्न तीन वर्षांत पहिल्यांदाच विचारला गेला असावा. मास्तरांनी त्याचं उत्तर दिलं तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

नवव्या दिवशी सकाळी मी जाळीपाशी वाकलो आणि तसाच राहिलो.

"काय झालं?" मास्तर मागून म्हणाले. "हलतायत ना?"

"मास्तर, एक डोळा उघडलाय."

"कुठे बघतोय?"

तो बारीक काळा ठिपका हळूहळू फिरला, खिडकीवरून आत आला, थांबला. "तुमच्याकडे."

"आणि दुसरा?"

"बंदच आहे अजून."

मास्तरांनी खुर्ची जाळीजवळ ओढली. "नंबर?"

"तीस. उजेड बघून सांगतोय."

मी लिहायला वही घेतली. अलीकडे तीही माझ्याकडेच होती.

"एक पुरतो हो," मास्तर साहेबांकडे बघत म्हणाले. "माझाही आधी एकच करणारेत. बुधवारी ऑपरेशनला बोलावलंय. ओंकारने बापाला सांगितलंन, आणि बाप म्हणाला, पुण्याचं नंतर बघू." त्यांनी फवाऱ्याची बाटली उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "प्रूफवाले, तुम्ही याल ना बरोबर? तिथे आत सगळी ट्यूबलाइट असते."