व्हर्न टॅलमॅजच्या कार्डास दर्जा लावावा की न लावावा, येविषयींची मोहीम

मुक्काम शहर एरी, प्रांत पेन्सिल्व्हेनिया, सरोवराचे दक्षिण तीर. वडील भगिनी लोरेटाबाईसाहेब यांनी हुकूम फर्माविला जे, गेल्या उपासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत, जी मोहीम जाहली तिची हकीकत आदिपासून अंतापर्यंत, आडपडदा न ठेविता, लिहोन काढणे आणि ईस्टरच्या जेवणास समस्त गोतासमोर उभे राहून वाचणे. हुकूम शिरसावंद्य. वाचकांनी आरंभीच ध्यानी घ्यावे की बखर लिहिणारा आणि बखरेतील नायक हे एकच असामी, नाव नॉर्बर्ट विल्चेक, उमर सत्त्याहत्तर, रेल्वे इंजिनांचे कारखान्यातून निवृत्त. आपली कीर्ती दुसरा कोणी लिहील ऐसा भरवसा राहिला नाही, सबब हे काम स्वहस्ते करणे प्राप्त जाहले.

नायकाचे, म्हणजे या बखरेतील श्रीमंतांचे, पूर्वचरित्र थोडक्यात. श्रीमंतांनी होडी घेतली, ती पहिल्याच उन्हाळ्यात धक्क्यास बांधल्या जागी बुडाली. गॅरेजचे दार स्वतः बसविले, ते मोटारीवर बसले. आणि द्राक्षांचा वेल लाविला, तो शेजाऱ्याच्या कुंपणात फळला. ऐसा हा पराक्रम असता, एकच वस्तू श्रीमंतांनी आयुष्यभर अभंग राखिली, ती म्हणजे सिगारच्या लाकडी पेटीतील बेसबॉलवाल्यांच्या तसबिरींची दोनशे बारा कार्डे, आणि त्यांतही शिरोमणी म्हणजे क्लीव्हलंडच्या संघाचा बहाद्दर व्हर्न टॅलमॅज याचे पहिले कार्ड, छपाई सन एकोणीसशे पंचावन्न. बाकीची सारी सत्तावन्न सालची, किरकोळ शिलेदारांची.

पुढे फेब्रुवारीत श्रीमंतांच्या कानी वार्ता आली की दूर पश्चिमेस एक दर्जादरबार आहे, तेथे जुनी कार्डे टपालाने पाठवावी, तेथील पारखी भिंग लावून पाहतात आणि एकापासून दहापर्यंत आकडा देऊन कार्ड पारदर्शक डबीत कायमचे बंद करितात. मग त्या आकड्यावर जगात कोणी शंका घेत नाही. श्रीमंतांचे मनी आले जे, टॅलमॅजास नऊ मिळाला तर नॉर्बर्ट विल्चेक याने एक तरी गोष्ट नीट सांभाळली ऐसा सरकारी शिक्का मिळेल, आणि होडीचा विषय निघाला की ती डबी टेबलावर ठेविता येईल. पैशाचा लोभ नव्हता ऐसे नाही, परंतु तो दुय्यम होता. फी जबर, वाट पाहणे चार महिने, आणि टपालात कार्ड हरवले तर सर्वनाश. सबब पाठवावे की न पाठवावे, हा पेच पडला.

मग जेवणाचे टेबलावर तळ पडला. दिव्याचा तोफखाना आला, भिंगांचे दोन मोर्चे लागले, मऊ हातमोजे आले, आणि श्रीमंत अकरा दिवस कार्डाचे चार कोपरे पाहत बसिले. कोपरे सुरीसारखे. रंग ताजा. कोठे घडी नाही, डाग नाही. श्रीमंतांनी अडतीस वर्षे कारखान्यात तपासनीस म्हणोन इंजिनांचे आस केसाच्या अंतरापर्यंत मोजिले होते, घरात मापाची उपकरणे आजही नऊ आहेत, परंतु त्यांतील एकही कार्डास लाविले नाही. कारण पेटीतील सर्व कार्डे एकावर एक रचिली असता विटेसारखी सारखी दिसत, मग मोजावयाचे काय? ही चूक शिकाऊ पोराने केली असती तर श्रीमंतांनी त्यास दिवसभर फरशी झाडावयास लाविले असते.

बाराव्या दिवशी अर्धांगी मार्लीनबाई दोन ताटे हाती घेऊन उभ्या राहिल्या.

"नॉर्ब, मी आठवडाभर मांडीवर ताट घेऊन जेवतेय. एक तर पाठव, नाहीतर पेटीत घाल."

"नऊ आहे गं. कदाचित साडेनऊ."

"होडी घेतलीस तेव्हाही तुझं तोंड अस्संच उजळलं होतं. जा आधी कुणा जाणत्याला दाखव."

बाईंचा सल्ला मसलतीस योग्य वाटला, आणि रविवारी प्रार्थना आटोपोन श्रीमंतांनी अग्निशमन केंद्राचे दालनाकडे कूच केले. तेथे महिन्यातून एक वेळ कार्डांचा बाजार भरतो. उपासाच्या शुक्रवारी तेथे तळलेल्या माशांचा वास भिंतींस अजून धरून होता, आणि बंबाशेजारी ड्वेन हटन नामे व्यापारी आपले टेबल मांडोन बैसला होता. हा गडी मोठा निष्णात. वयाने श्रीमंतांच्या निम्मा, परंतु कार्डांचे इल्मात श्रीमंतांचा आजा शोभावा.

ड्वेनने कार्ड घेतले, शीळ घातली, आणि मग शीळ मध्येच थांबली.

"सत्तर वर्षांचं कार्ड, नॉर्ब. आणि कोपरे असे?"

"सांभाळलंय," श्रीमंत छाती काढून बोलिले.

"तेच म्हणतोय. कितीही सांभाळा, कोपरे असे राहत नसतात हो."

ऐसे म्हणोन त्याने आपले खोक्यातून पंचावन्न सालचेच एक फाटके, कवडीमोल कार्ड काढिले आणि टॅलमॅजाखाली धरिले. ते खालचे कार्ड एका बाजूने पाव इंच आणि दुसरीने त्याच्या निम्मे बाहेर डोकावू लागले. श्रीमंतांनी उलटे करोन पाहिले, सुलटे करोन पाहिले, चष्मा पुसोन पाहिले. ते डोकावतच राहिले.

"पंचावन्नची कार्डं मोठी असायची," ड्वेन हळू आवाजात बोलिला. "सत्तावन्नपासून लहान झाली. तेव्हाची पोरं जुनी कार्डं कापायची, नव्यांच्या पेटीत बसावीत म्हणून. असली मी शंभर बघितलीत. तुमचंही कुणीतरी कापलंय."

"मग आकडा? सहा तरी?"

"आकडाच देत नाहीत. 'कापलेले' असा शेरा मारून परत पाठवतात. फी तेवढी ठेवून घेतात. नका पाठवू, नॉर्ब. घरी ठेवा. छान दिसतंय."

छान दिसतंय, हा घाव वर्मी बसला. श्रीमंत मोटारीत येऊन बसिले आणि किल्ली न फिरविता दहा श्वासांत गुन्हेगार शोधून काढिला. गुन्हेगार लोरेटाबाई! पुरावा येणेप्रमाणे. मातुःश्री बर्निसबाई चर्चमधील वधूंचे पोशाख शिवीत. त्यांची कापडाची कात्री कागदास लावणे हे आमचे घरी शुक्रवारी मांस खाण्याहून थोरले पाप होते. सत्तावन्नचे वसंतात ती कात्री बोथट जाहली आणि एका नवरीच्या साटीनचा घास घेतला. मातुःश्रींनी पुसले, कोणी केले? तेव्हा बारा वर्षांच्या लोरेटाने पुढे होऊन, मी केले, ऐसा कबुलीजबाब दिला. शिक्षा जाहली. चर्चची बस सामन्यास क्लीव्हलंडी जाणार होती, वडिलांकडे दोन तिकिटे होती, एक वडिलांचे आणि एक लोरेटाचे, ते काढून धाकट्या नॉर्बर्टास दिले. नॉर्बर्ट गेला, आणि टॅलमॅजाने कुंपणास चेंडू लाविला तो फटका पाहून आला, आणि त्याचे वर्णन तेथून अडुसष्ट नाताळ चढत्या आवाजात करीत आला. तर कात्री बोथट जाहली कशाने? माझ्या कार्डाने! हा निकाल लावोन श्रीमंतांनी थेट लोरेटाबाईंचे घरावर चाल केली. स्मरण हा मोठा खुशामती नोकर आहे, धन्यास जे रुचेल तेवढेच ताटात वाढते, हे श्रीमंतांस त्या समयी ठाऊक नव्हते.

लोरेटाबाईसाहेब, उमर ऐंशी, ओट्यापाशी उभ्या होत्या. शुक्रवारच्या चर्चविक्रीसाठी चारशे पिरोगी, म्हणजे सारण भरोन उकडलेल्या करंज्या, करावयाची होती आणि सारणाचे बटाट्यांचा डोंगर पुढे होता. श्रीमंतांनी पुरावा म्हणोन कार्ड टेबलावर ठेविले आणि आरोपपत्र उभ्याउभ्याच वाचिले. त्यात विश्वासघात हा शब्द दोन वेळ आला.

"झालं बोलून?" बाईसाहेबांनी पुसले.

"झालं."

"मग हात धू आणि बटाटे सोल."

श्रीमंत सोलू लागले. मोहिमेत ऐसे प्रसंग येतात.

"आधी सांग, कार्ड कुणाचं?"

"माझं! कुणाचं म्हणजे?"

"पंचावन्न साली तू सात वर्षांचा होतास रे. खिशात गोट्या आणि शेंबडाचा रुमाल. मी घेतलं ते, कोपऱ्यावरच्या दुकानातून, बर्फ उपसून मिळालेल्या पैशांनी. टॅलमॅज माझा होता. तुला तर तेव्हा खेळाडू कोण आणि पंच कोण तेही कळत नव्हतं."

"मग माझ्या पेटीत कसं आलं?"

"सत्तावन्न साली मागितलंस म्हणून दिलं. पेटीत बसत नाही म्हणून रडलास. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर बसतंय!"

श्रीमंतांचे हातातील बटाटा थांबला.

"पलंगाखाली होतास तू," बाईसाहेब कणीक तिंबत बोलिल्या. "आईची कात्री, माझं कार्ड, आणि जीभ ही एवढी बाहेर. इतकं सरळ कापलंस ना, की रागवायच्या ऐवजी मी बघतच राहिले."

हे ऐकताच अडुसष्ट वर्षांची तटबंदी ढासळली, आणि श्रीमंतांस पलंगाखालची धूळ, कात्रीचा गार स्पर्श, आणि कडेची पातळ पट्टी वळून पडलेली, ऐसे सर्व एकदम स्वच्छ दिसो लागले. गुन्हेगार सापडला होता. तपासनीसही तोच.

"मग आईला 'मी' म्हणून का सांगितलंस?"

"आदल्याच आठवड्यात काच फोडलीस म्हणून बाबांनी पट्टा काढला होता. वळ होते तुझ्या पाठीवर. म्हटलं, मला काय, ओरडतील आणि सोडतील. क्लीव्हलंड जाईल असं कुठे वाटलं होतं मला?"

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस? मी दर नाताळला तो फटका सांगतोय, तुझ्यासमोर बसून!"

"इतका रंगवून सांगायचास, मधे काय बोलायचं? आणि मलाही ऐकायचा असायचा की, मूर्खा. मी कुठे पाहिला होता?"

येथे नायकाचे डोळ्यांस पाणी आले. ते बटाट्यांचे वाफेमुळे आले ऐसे लिहावे, अशी सूचना नायकाने बखरकारास केली, परंतु बटाटे अद्याप कच्चे होते, सबब ती नामंजूर जाहली.

मोहीम येथेच संपती तर शिकस्त म्हणोन नोंदली जाती. परंतु श्रीमंतांपाशी एक गढी आणखी होती, जी आजवर कोणास ठाऊक नव्हती, मार्लीनबाईंसही नाही. श्रीमंतांनी सुरी खाली ठेविली आणि हत्यार नसता, चिलखत नसता, आयुष्यात प्रथमच मैदानात उतरले.

"लोरेटा, मी तो फटका पाहिलाच नाही."

"काय?"

"बसमध्ये मळमळत होतं मला. त्यावर दोन सॉसेज खाल्ले. मी मोरीत होतो, शर्ट धूत. वरून आरडाओरडा ऐकला फक्त. धावत आलो तोवर सगळे खाली बसत होते."

बाईसाहेबांचे हात कणकेत तसेच राहिले. श्रीमंतांस वाटले, आता लाटणे येते.

"मग हे सगळं... धूळ उडाली, टोपी पडली, चेंडू कुंपणावरून मागे आला..."

"बाबांनी सांगितलं. परत येताना बसमध्ये. मला वाईट वाटू नये म्हणून असेल. एरी येईपर्यंत बोलत होते."

"बाबा? बोलत होते?"

आमचे वडील फ्रँक विल्चेक हे आठवड्यात मोजकी वाक्ये बोलणारे गृहस्थ, त्यांतील निम्मी कुत्र्याशी, हे गोतास ठाऊकच आहे. बाईसाहेबांनी पदर नसल्याने ॲप्रनास हात पुसले, खुर्ची ओढिली, श्रीमंतांसमोर बैसल्या आणि हुकूम केला, "सांग. तू सांगतोस तसा नको. बाबांनी सांगितला तसा सांग."

मग श्रीमंतांनी नाताळचे सर्व रंग उतरवोन, टोपी उतरवोन, धूळ उतरवोन, तो फटका वडिलांचे शब्दांत सांगितला. तो फार लहान निघाला. आणि शेवटी, जे वाक्य वडील खिडकीबाहेर पाहत बोलिले होते आणि जे नऊ वर्षांच्या नॉर्बर्टाने तेव्हाच गिळिले होते आणि आजवर कोणास दिले नव्हते, तेही दिले. "बाबा म्हणाले, लोरेटा असती तर जागची हलली नसती. तिलाच आणायला हवं होतं."

बाईसाहेबांनी खुर्ची आणखी जवळ ओढिली. मग म्हणाल्या, "परत सांग." श्रीमंतांनी परत सांगितले.

तदनंतर बाईसाहेबांनी टॅलमॅजाचे कार्ड त्याचे मऊ वेष्टनातून काढिले, पिठाचे बोटांनी, हातमोजे न घालता, कोपऱ्यास धरोन, आणि ॲप्रनाचे खिशात टाकिले. श्रीमंतांचे काळीज लकलकले, तरी श्रीमंत हलले नाहीत. हा त्यांचे चरित्रातील एकमेव निर्विवाद पराक्रम होय, आणि त्यास साक्षीदार आहे.

येणेप्रमाणे ठराव जाहला. कार्ड दर्जास पाठविणे नाही. ते कापलेले आहे, नॉर्बर्टाने कापिले आहे, आणि ते मुळात नॉर्बर्टाचे नव्हते. कार्ड मूळ धनिणीस पोहोचले, नऊ हा आकडा बुडाला, क्लीव्हलंडचा फटका श्रीमंतांचे खाती राहिला नाही. संध्याकाळी पिठाने माखून घरी आले तेव्हा मार्लीनबाईंनी टेबल पुसता पुसता पुसले, काय लागला निकाल? श्रीमंतांनी उत्तर दिले, फत्ते. बाईंना ते खरे वाटले नाही, म्हणोन येथे लिहून ठेविले, आणि खाली वडील भगिनींची सही घेतली. सही करिताना लोरेटाबाईसाहेबांनी कागद पूर्ण वाचिला नाही. वडिलांचे वाक्य कोठे आहे ते शोधिले, त्यावर बोट ठेविले, आणि बोट न उचलिता दुसऱ्या हाताने सही केली.