दारानं बोलायचं नाय

आमचे शफीकचाचा कुणाच्याही घरात सरळ शिरत नाहीत. घरमालक "या, या" म्हणत असतो आणि चाचा उंबऱ्यात उभे राहून त्याचं दार हळूच लावतात, उघडतात, पुन्हा लावतात. मान तिरकी, कान बिजागरीपाशी. दार गप्प राहिलं तर चप्पल काढतात. कुरकुरलं तर मालकाकडं असे बघतात, जसं काही त्याचं पोरगं चारचौघांत उलटून बोललंय.

"दारानं बोलायचं नाय," हे त्यांचं ब्रीद.

पैठणला एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मयतीला आम्ही गेलो होतो. चाचांनी तिथंही दार धरलं. दाराला धरून माणूस मागं-पुढं होतोय म्हटल्यावर लोकांना वाटलं, दुःख आवरेना. दोघांनी खांद्याला धरून आत आणलं, पाणी दिलं. चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "वरची पिन गेलीय." दिवसकार्य उरकल्यावर स्वतः जाऊन नवी बिजागरी बसवून आले, तेव्हा कुठं त्यांना झोप लागली असावी.

वाळूजला त्यांचा छोटा कारखाना आहे. आम्ही मोजकीच माणसं, आणि माल एकच: दाराच्या बिजागऱ्या. मी दोन पात्यांत पिन ओवते. माझं गाव लांब, गोंदियाच्या पलीकडं. शाळा नववीत सुटली. इथं आले तेव्हा हातात एक पिशवी, एवढंच होतं. चाचांनी काम दिलं, बजाजनगरात स्वतः हमी राहून खोली मिळवून दिली, आणि तिच्या दाराला आपल्या हातानं बिजागऱ्या बसवल्या. त्यातली खालची मात्र कुरकुरते. अख्ख्या जिल्ह्यात आमच्या कारखान्याची कुरकुरणारी बिजागरी एकच असेल, आणि ती माझ्या नशिबी. हे त्यांना सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी शेजारचा कारागीर उठला आणि म्हणाला, "माल तपासून येतो." थोड्या वेळानं दुसरा गेला, मग तिसरा. मला वाटलं, केवढी काळजी घेतात मालाची. मग कळलं की चाचा प्रत्येक नव्या मालातली एक जोडी संडासाच्या दाराला लावतात. त्या दारावर सगळ्यांचा हात पडतो, तोही घाईत. तिथं जी टिकली ती कुठंही टिकली.

असं सगळं बरं चाललं होतं. मग कुठल्याशा देशांशी झालेल्या करारात बिजागरीवरचा आयातकर गेला म्हणे, आणि बाजारात बाहेरचा चकचकीत माल आला. आमच्यापेक्षा स्वस्त. लासूर स्टेशनचा दुकानदार, जो चाचांना सख्ख्या भावासारखा, तोही फोन उचलेना. चाचा त्या दुकानात गेले, बाहेरची बिजागरी घेऊन आले आणि संडासाला लावली. पावसाळा सरायच्या आत ती रडायला लागली. चाचा खुश झाले. पण दार रडेपर्यंत गिऱ्हाईक विकत घेऊन मोकळं झालेलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. दोन कारागीर त्याच दिवसांत काम सोडून गेले. पुढचा नंबर आपला, असं मला रोज वाटायचं.

मग सरकारनं नियम आणला, की सरकारी शिक्का नसलेली बिजागरी विकायचीच नाही. आम्ही पेढे आणणार होतो. तेवढ्यात समजलं, शिक्का आम्हालाही लागणार. जगाच्या व्यापाराचा कायदाच तसा आहे, परक्याला जे लावाल तेच घरच्यालाही लावा. आणि शिक्क्यासाठी चाचणीचं यंत्र हवं, तेही महागडं.

चाचा म्हणाले, "इन्साफ हाय. पाव्हण्याला अन् घरच्याला एकच पंगत. फक्त पाव्हणा जेवून आलाय, अन् घरचा उपाशी बसलाय."

तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, मालाची चाचणी कुठं घेता? चाचा ताठ मानेनं त्यांना संडासाकडं घेऊन गेले. आम्ही सगळे खाली मान घालून पिना ओवत राहिलो. साहेबांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. हसले नाहीत. म्हणाले, "आवाज नाही, हे खरं. पण चाचा, हे मी कागदावर लिहू कसं?" मग त्यांनीच वाट सांगितली. चाचणीचं यंत्र एकट्याला झेपत नसेल, तर चार कारखान्यांनी मिळून घ्यावं.

चार कारखाने म्हणजे आधी जाधवशेठ, त्यांचाही कारखाना बिजागऱ्यांचाच. आणि जाधवशेठशी चाचांचं बोलणं बंद, कारण त्यांच्या नव्या ऑफिसच्या उद्घाटनात चाचांनी भर पाहुण्यांत त्यांचं दार नापास केलं होतं. मी सोबत गेले. चाचा उंबऱ्यात थांबले. हात दाराकडं गेला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. हात तसाच खाली आला आणि चाचा, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, दार न तपासता आत गेले.

जाधवशेठ उठून दारापाशी आले. म्हणाले, "बदललीय मी बिजागरी. तपासून बघा ना एकदा."

चौघांत मिळून यंत्र आलं. दिवसभर एक दार उघडायचं, लावायचं. चाचा डबा घेऊन त्याच्यासमोर बसायचे आणि म्हणायचे, पोट बिघडलेल्या माणसाचा जोर याला कुठनं येणार? आमची बिजागरी पास झाली. शिक्का मारलेली पहिली पेटी मी भरली. आपल्या हातानं पिन ओवलेल्या वस्तूवर देशाचा शिक्का बघताना नववीत सुटलेली शाळा मी विसरले. लासूरचा फोनही आला. चाचांनी तो लगेच उचलला, भाव खाल्ला नाही.

त्याच जोरात मी त्या संध्याकाळी म्हणून गेले, "चाचा, आता माझ्या खोलीलाही शिक्क्याची द्या. जुनी लई कुरकुरते."

चाचा पेटी बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"कुरकुरू दे. तिची पिन मीच घासून बसवलीय."

"तुम्ही?"

"एकटी पोरगी, परका गाव. दार कुणी उघडलं तर तुला कळायला नको?" मग पेटीची गाठ आवळत, "कंदी कुणाला सांगू नको. धंद्याचं नाव जातं."

शिक्क्याची ती जोडी त्यांनी मला दिलीच. मी ती देवापाशी ठेवलीय.

सुटल्यावर खोलीकडं चालताना मी रोज गावी फोन लावते. आई काहीबाही सांगत असते, धान, शेळी, शेजारीण. मी कुलूप काढते, दार ढकलते, ते कुरकुरतं. तिकडं आई बोलता बोलता थांबते.

"पोचली वं माय," ती म्हणते, आणि फोन ठेवते.