नाना सरांची सहावी हाक

आमच्या शेजारचे नाना सर वर्षातून एकदा आमचा रिकामा ड्रम मागून नेतात आणि त्यात डोकं घालून ओरडतात.

ड्रम निळा, दोनशे लिटरचा. धुळ्यात आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आमच्याकडे असे तीन आहेत आणि सरांकडे दोन. पण त्यांना आमचाच लागतो. "भाऊ, तुमच्या ड्रमला पोचा शे. त्यात आवाज ओला होतो," असं ते म्हणतात. मी त्यांच्याही ड्रममध्ये ओरडून पाहिलं. मला फरक कळला नाही.

सर हायस्कूलमध्ये मराठी शिकवतात. वय सत्तावन्न. पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी पुण्याला. नववीच्या वर्गाला ते दरवर्षी स्वतः लिहिलेली दीड पानाची एक गोष्ट शिकवतात. एका गावात भरदुपारी विहिरीतून अहिराणीत हाक येते, "कोनी शे का?" म्हणजे कोणी आहे का. सगळं गाव ऐकतं. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी जाईल. पाच हाका येतात, मग थांबतात. दुसऱ्या दिवसापासून गाव दुसऱ्या विहिरीवर पाणी भरू लागतं. गोष्ट संपली. आत कोण होतं, ते सर सांगत नाहीत. मागे एका पालकांनी येऊन तक्रार केली की गोष्ट ऐकल्यापासून मुलगा नीट जेवत नाही. सर खूश झाले. "म्हणजे त्याला समजली!"

शिकवण्याची तऱ्हाही त्यांचीच. सोमवारी गोष्ट वाचायची. मग प्रत्येकाने त्या गावातला एक माणूस व्हायचं आणि आपण का गेलो नाही, ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर लागतात. माझी मुलगी पूर्वा यंदा त्या वर्गात होती. मुलं बेचाळीस, चिठ्ठ्या बेचाळीस. ‘भाकर तव्यावर होती.’ ‘मला वाटलं, सरपंच जातील.’ ‘विहिरीच्या मालकाचं आणि आमचं बोलणं नाही.’

शनिवारी सर व्हरांड्यात ड्रम ठेवून पाच हाका मारतात. काय करायचं ते आधी सांगत नाहीत. कोण जागचं उठतं, एवढंच त्यांना पाहायचं असतं. अकरा वर्षांत कोणीही उठलं नव्हतं. सरांच्या वहीत एकाखाली एक अकरा शून्यं होती. मी स्वतः पाहिली आहेत.

"नाना, तासाला जागेवरून हललं तरी तुम्ही खेकसता. उठेल कोण?" मी एकदा म्हणालो.

"खेकसलो तरी उठणारं एक तरी निघेल, भाऊ," सर म्हणाले आणि ड्रम घेऊन गेले.

यंदा त्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. पाण्याचा दिवस होता, आणि आमचा ड्रम आदल्याच संध्याकाळी सरांकडे गेला होता. भिंतीपलीकडून हाक आली, "कोनी शे का?"

"झाला सराव सुरू," बायको पोहे परतता परतता म्हणाली.

दुसरी हाक आली. पूर्वा वेणी अर्धवट टाकून बाहेर पळाली. "अगं, डबा राहिला!" बायको ओरडली. तिसरी हाक. काहीतरी ठोकल्याचा आवाज येऊ लागला. यंदा सरांनी ठोकाठोकीही घातली असेल, असं मला वाटलं. चौथी. पाचवी जरा बारीक होती. छान जमलीय, असं म्हणून मी पान उलटलं.

मग सहावी आली.

गोष्टीत पाचच आहेत. मी तसाच अनवाणी धावलो.

पूर्वा सरांचं दार दोन्ही हातांनी बडवत होती. दाराला आतून कडी. मी खांदा लावला, दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली. नळ बंद करायला घाईने गेलेले सर न्हाणीघरात घसरून आडवे झाले होते, उजवा पाय वाकडा. धो धो पाण्यात त्यांना दाराचा आवाज ऐकूच गेला नव्हता. आमचा ड्रम स्वयंपाकघरात कोरडा उभा होता.

दवाखान्यात प्लास्टर घालून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "कितव्या हाकेला उठलात?"

"दुसऱ्या," पूर्वा म्हणाली. "आवाज ओला नव्हता, सर."

सरांनी घरून वही आणायला लावली आणि अकरा शून्यांखाली एक लिहिला. मग माझ्याकडे वळले.

"आणि तुम्ही, भाऊ?"

"सहाव्या."

"मग चिठ्ठी द्या."

मी खरं तेच लिहिलं. ‘मी मोजत होतो.’ ती भिंतीवर त्रेचाळिसावी लागली, नाव न घालता. मुलांनी हात वर करून तिला सगळ्यात भीतिदायक कारण ठरवलं, असं पूर्वाने घरी येऊन सांगितलं.

प्लास्टर कधीच निघालं. आता मे महिना आहे, शाळा बंद. तरी सरांनी ड्रम परत केलेला नाही, आणि रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला भिंतीपलीकडून हाक येते.

"नाना, सुट्टीत कसला सराव?" मी विचारलं.

"आवाज टिकायला नको?" ते चष्मा पुसत म्हणाले.

काल पूर्वा क्लासला गेली होती, बायकोचे हात पिठात होते. हाक आली.

"शे, नाना, शे!" मी ओरडलो आणि चपला घालून गेलो. ओट्यावर दोन खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या.