आठ मीटरवरचं पाणी

शेंद्र्याचं गोदाम तिसऱ्यांदा खचलं. खचलं ते कॉम्प्युटरवरच, पण विशाखाने एकटीने केलेलं ते पहिलंच काम होतं.

गोदामाखाली पाइल होते, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब. सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्याभोवती मातीच्या जागी स्प्रिंगा लावतात. माती तपासणीच्या अहवालात आठ मीटरवर पाणी दाखवलं होतं आणि ओली माती कमी भार पेलते, म्हणून विशाखाने खालच्या स्प्रिंगा ढिल्या केल्या. मग पाइल लांबवले. तरी गोदाम आपलं खालीच.

तिचे बॉस मधुसूदन सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पाणी? शेंद्र्याला? या उन्हाळ्यात?"

"अहवालात आहे सर."

"मग जाऊन बघून ये. दोन दिवसांत नाही जमलं, तर हे काम श्रीरंगकडे."

शेजारच्या टेबलावरच्या श्रीरंगचं नाव ऐकल्यावर विशाखा डबाही न उघडता निघाली.

प्लॉटवर लक्ष्मीबाई राखणीला होत्या. तपासणीच्या चार इंची बोरशेजारी हळदकुंकू आणि फोडलेला नारळ बघून विशाखा थबकली.

"मावशी, हे काय?"

"बोर घेतलं नव्हं का? मंग पूजा केली. पहाटं हंडाभर पाणी पाजलं भुईला. लगीच तुमचे मान्सं आले मापाया. लागलं का वो पाणी?"

विशाखाने मनातच गणित केलं. दहा मीटर खोल बोर, त्यात एक हंडा, म्हणजे तळाशी जवळजवळ दोन मीटर पाणी, वर उरले आठ. टँकरच्या रांगेत उभं राहून मिळवलेला हंडा थेट तिच्या गोदामाखाली जाऊन बसला होता.

"मावशी, हे पाण्याचं बोर नाही हो. माती तपासायचं आहे."

"आसं व्हय," म्हणत लक्ष्मीबाई फोडलेला नारळ उचलू लागल्या. विशाखाला फार वाईट वाटलं.

तिने सगळं सांगितल्यावर सरांनी दुसऱ्याच दिवशी शेजारी नवं बोर पाडायला लावलं आणि स्वतः आले. स्कूटरवर पायाशी पाण्याचा कॅन होता. त्यांच्या हर्सूलच्या घरी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं.

"घ्या लक्ष्मीबाई. तुमचं पाणी आमच्या कॉम्प्युटरने घेतलं होतं."

लक्ष्मीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कॅन उचलला आणि तडक नव्या बोरकडे निघाल्या.

"अहो, अहो!" सर धावले. मागून विशाखा धावली.

"आसं कसं साहेब? त्याला पाजलं, मंग ह्याला नको?"

"पाजू ना. आधी हिला मोजू द्या."

विशाखाने टेप आत सोडला. दहा मीटर, ठणठणीत कोरडं. गोदाम वाचलं होतं. तिने वहीत 'पाणी लागले नाही' असं लिहिलं, वही मिटली आणि लक्ष्मीबाईंकडे वळली.

"ओता मावशी. तांब्याभरच हं."